सुपरमॅन आपल्या गल्लीत का येत नाही?

सहामाही परीक्षेचे पेपर तपासत मी सातवीच्या वर्गात बसले होते. मुलांना सांगितले होते, आवाज न करता जे हवे ते वाचा. पाच मिनिटांतच मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली आणि पुढच्या पाच मिनिटांत तिचे भांडण झाले. एका मुलाने रद्दीच्या दुकानातून सुपरमॅनचे जुने कॉमिक आणले होते. त्याच्या शेजाऱ्याने जुलै २०२५ मध्ये आलेला सुपरमॅनचा नवा सिनेमा चुलतभावाबरोबर थिएटरात पाहिला होता. त्याचे म्हणणे, "पुस्तकातला नुसता चित्रात उभा असतो. पिक्चरातला खरोखर उडतो." दुसरा म्हणाला, "पण पुस्तकातला मला पाहिजे तेवढा वेळ बघता येतो." शेवटी दोघेही माझ्या टेबलाशी आले. "टीचर, तुम्हीच सांगा. पिक्चरातला भारी का पुस्तकातला?"

मला उत्तर देता आले नाही. "दिवाळीच्या सुट्टीनंतर सांगते," असे म्हणून वेळ मारून नेली. मुलांना दिलेला शब्द मोडला तर ती वर्षभर आठवण करून देतात, त्यामुळे सुट्टीत खरेच अभ्यास करावा लागला. त्या अभ्यासात मला एक नव्हे, तीन सुपरमॅन भेटले. तिसरा तर आपल्या महाराष्ट्रातलाच निघाला. या महिन्याचे पान त्यांच्यासाठी.

पहिला सुपरमॅन कागदावरचा. जून १९३८ च्या 'अॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात तो अमेरिकेत अवतरला. अंकाची किंमत दहा सेंट. त्याला जन्म देणारे जेरी सीगल आणि जो शूस्टर हे क्लीव्हलँड शहरातले विशीतले दोघे मित्र, बाहेरून अमेरिकेत येऊन वसलेल्या यहुदी कुटुंबांतली मुले. दोघांच्याही वडिलांचा पोटापाण्याचा धंदा कपड्यांचा आणि शिवणकामाचा. जेरीच्या वडिलांच्या दुकानात १९३२ साली चोर शिरले आणि त्या झटापटीत वडील गेले. पुढे ज्या सुपरमॅनने जगभर अब्जावधी कमावले, त्याचे हक्क या दोघांनी अवघ्या १३० डॉलरना विकले होते.

हा पहिला सुपरमॅन उडत नव्हता, हे मलाही नवीन होते. तो उडी मारायचा, सुमारे दोनशे मीटरची. त्याच्या कातडीला साधी गोळी लागत नसे, पण तोफेचा गोळा फुटला तर ती भेदली जाऊ शकते, असे त्या अंकात लिहिले होते. म्हणजे त्याच्या ताकदीला हद्द होती. आणि तो काय करायचा? पहिल्याच गोष्टीत चुकून फाशीची शिक्षा झालेल्या बाईला वाचवायला तो रातोरात गव्हर्नरच्या घरी पोहोचतो. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो. तिसऱ्या अंकात तो मजुराच्या वेशात कोळशाच्या खाणीत जातो. मालकाने सुरक्षेवर पैसा खर्च केलेला नसतो. सुपरमॅन मालकाला आणि त्याच्या पाहुण्यांना त्याच खाणीत अडकवून ठेवतो. धोक्याची घंटा वाजत नाही, बाहेर पडायला वाट नाही. मजूर रोज कशात उतरतात ते मालकाला काही तासांत कळते. पुढच्या एका अंकात झोपडपट्टीतली मुले गुन्हेगार का होतात, हा प्रश्न आहे.

तेव्हा अमेरिकेत महामंदी होती. लोकांच्या हाताला काम नव्हते. दोन गरीब पोरांनी आजूबाजूला जे पाहिले, त्याच्याशी लढणारा माणूस त्यांनी कागदावर उभा केला. त्याचा शत्रू परग्रहावरून आलेला नव्हता. तो घरमालक होता, खाणमालक होता, विकला गेलेला पुढारी होता.

दुसरा सुपरमॅन पडद्यावरचा. १९४१ मध्ये त्याची कार्टून फिल्म निघाली. सारख्या उड्या मारणारा माणूस पडद्यावर बरा दिसेना, म्हणून त्याला उडायला लावले आणि मग कागदावरचाही उडू लागला. त्याला हतबल करणारा क्रिप्टोनाइट दगडसुद्धा आधी १९४३ च्या रेडिओ मालिकेत आला आणि नंतर कॉमिकमध्ये. म्हणजे पुस्तकावरून सिनेमा होतो एवढेच खरे नाही. सिनेमा आणि रेडिओही पुस्तक बदलतात.

१९७८ मध्ये रिचर्ड डॉनर यांनी सुपरमॅनवर मोठा सिनेमा काढला. क्रिस्टोफर रीव्ह हा नट त्यात सुपरमॅन झाला. त्याचे एक काम मला फार आवडले. चष्मा लावलेला बावळट क्लार्क केंट आणि सुपरमॅन ही दोन माणसे तो नुसते खांदे आणि आवाज बदलून उभी करतो. पाठ ताठ होते, मान वर येते आणि समोर वेगळाच माणूस असतो. हे चित्रात दाखवता येत नाही, त्याला जिवंत नटच हवा. तेव्हा पिक्चरवाल्या मुलाचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते.

पण याच सिनेमात सुपरमॅनची हद्द सुटली. त्याची मैत्रीण भूकंपात मरते, तेव्हा तो पृथ्वीभोवती इतक्या वेगाने फिरतो की काळच उलटा वाहू लागतो आणि ती पुन्हा जिवंत होते. पुढे हे वाढतच गेले. २०१३ च्या 'मॅन ऑफ स्टील'मध्ये शेवटच्या मारामारीत उंच उंच इमारती पत्त्यांसारख्या कोसळतात. त्या इमारतींत माणसे होती, हे प्रेक्षकाला आठवायलाही वेळ मिळत नाही. जेवढा पडदा मोठा तेवढे संकट मोठे, आणि जेवढे संकट मोठे तेवढा साधा माणूस लहान. सगळेच सिनेमे असे आहेत असे नाही. माझ्या विद्यार्थ्याने पाहिलेल्या २०२५ च्या सिनेमात अक्राळविक्राळ प्राण्याशी लढता लढता सुपरमॅन एका खारीला वाचवतो. त्या मुलाला सिनेमातले सगळ्यात जास्त काय लक्षात राहिले म्हणून विचारले, तर तो म्हणाला, "खार."

वाचण्यात आणि बघण्यातही फरक आहे. कॉमिकच्या दोन चौकटींमध्ये एक कोरी पट्टी असते. पहिल्या चौकटीत मूठ उगारलेली, दुसऱ्या चौकटीत माणूस पडलेला. फटका कुठे बसला? त्या कोऱ्या पट्टीत, म्हणजे वाचणाऱ्याच्या डोक्यात. तिथे मूल स्वतः काम करते. सिनेमात तो फटका दुसऱ्या कोणीतरी, कोट्यवधी खर्चून, आधीच मारून ठेवलेला असतो. माझ्या वर्गात पाठ्यपुस्तकाचे पान उघडायचे म्हटले की पोट दुखणारी मुले आहेत. तीच मुले चित्रकथा बोटाने अक्षरे जुळवत वाचतात, अडले की मागे जातात, पुन्हा बघतात. म्हणून रद्दीतले कॉमिक दिसले की "हे काय वाचतोस" म्हणून ते हिसकावून घेऊ नका. उजळणीसाठी त्याहून चांगले साधन मला अजून मिळालेले नाही.

पालकसभेत मी हे बोलले, तेव्हा एका आईने प्रश्न विचारला. "टीचर, आकाशात उडणारी, मेलेल्याला जिवंत करणारी माणसं आपल्या मुलांनी बघावीत का? जीव देणं-घेणं तर अल्लाहच्या हातात आहे." प्रश्न योग्य होता आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी त्यांना म्हटले, मुलाला सिनेमा दाखवाल तेव्हा शेजारी बसा आणि नेमके हेच त्याला सांगा, की ही गोष्ट आहे, कोणीतरी रचलेली. मग त्याला विचारा, ताकद मिळाली तर तू काय करशील? आपल्याकडे ताकद ही अमानत मानली जाते, तिचा हिशेब द्यावा लागतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तर खरा बलवान कुस्तीत चीत करणाऱ्याला नव्हे, रागाच्या वेळी स्वतःला आवरणाऱ्याला म्हटले आहे. कुस्तीच्या कोल्हापुरात वाढणाऱ्या मुलाला हे लवकर समजते. तालमीतला वस्तादही पोराला पहिल्यांदा तेच शिकवतो, की रस्त्यावर हात उचलायचा नाही.

आता तिसरा सुपरमॅन. आमच्या जिल्ह्यात इचलकरंजी आहे. आमच्या नात्यातल्या चार-पाच घरांचे पोट तिथल्या यंत्रमागांवर चालते. मागांचा खडखडाट, केसांवर, भुवयांवर बसलेला कापसाचा भुरका, बारा-बारा तासांची पाळी हे सगळे लहानपणापासून पाहिलेले आहे. असेच दुसरे गाव नाशिक जिल्ह्यात, मोसम नदीकाठी. मालेगाव. तिथेही यंत्रमाग, तिथेही आपलीच माणसे. बाहेरच्यांना मालेगाव म्हटले की दंगली आठवतात, २००६ आणि २००८ चे बॉम्बस्फोट आठवतात. त्या गावाने एक सुपरमॅनही घडवला, हे कमी लोकांना माहीत आहे.

शेख नासिर हे तिथले व्हिडिओ पार्लर चालवणारे. जगभरचे सिनेमे दाखवता दाखवता त्यांना स्वतःच सिनेमा काढावासा वाटला. गावातले मागवाले, दुकानदार, हौशी लेखक जमवून त्यांनी आधी 'मालेगाव के शोले' काढला. तो गावात तुफान चालला. नंतर त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' हाती घेतला. सुपरमॅनचे काम केले शफीक शेख यांनी. अंगाने काडी, धंद्याने यंत्रमाग कामगार. निळा पोशाख, लाल चड्डी, पाठीवर लाल कपडा. त्याला उडवण्यासाठी मागे हिरवा कपडा लावून शूटिंग केले, ट्रकला आडवे लटकवून वाऱ्यावर झुलवले. बैलगाडीची क्रेन केली. या सगळ्या खटाटोपावर फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट बनवला. तो २००८ चा. पुढे २०१२ मध्ये तो थिएटरांतही लागला. मला तो पाहताना आमचे बाबुराव पेंटर आठवत राहिले. शंभर वर्षांपूर्वी आनंदराव आणि बाबुराव या पेंटर भावांनी कोल्हापुरात देशी कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला. आनंदराव मध्येच वारले, बाबुरावांनी तो कॅमेरा पुरा केला आणि त्यातून १९२० चा 'सैरंध्री' आला. हातात काही नसताना सिनेमा काढायची खोड या महाराष्ट्राच्या मातीत जुनी आहे.

आता मालेगावच्या सुपरमॅनचे वेगळेपण बघा. त्याला दमा आहे. धुराने, धुळीने भरलेल्या गावात सुपरमॅन राहिला तर त्याला दुसरे काय होणार? आणि त्याचा शत्रू कोण? घाण आवडणारा, गाव घाणीने आणि तंबाखूने भरून टाकू पाहणारा खलनायक. पडद्यावर लोक हसतात. मीही हसले. पण हसता हसता मला तो खाणीतला सुपरमॅन आठवला. १९३८ मध्ये शिंप्या-कापडवाल्यांच्या पोरांनी कागदावर जो माणूस काढला होता, तोच सत्तर वर्षांनी मागवाल्यांच्या गावात परत आला होता. हॉलिवूडने त्याला आकाशात नेले, कोट्यवधी डॉलरचे पंख दिले. मालेगावने त्याला पुन्हा गल्लीत उतरवले आणि विचारले, बाबा, आमच्या गटारीचे, आमच्या गुटख्याचे काय करतोस? सीगल-शूस्टर यांच्या त्या पहिल्या अंकांशी सगळ्यात इमानदार सिनेमा मला विचाराल तर हाच.

या गोष्टीचा शेवट मात्र हसवणारा नाही. तंबाखूविरुद्ध लढणारा सुपरमॅन झालेले शफीक शेख तरुण वयातच कॅन्सरने गेले. रीमा कागती यांनी या मित्रमंडळींवर 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा हिंदी सिनेमा काढला, तो २८ फेब्रुवारी २०२५ ला प्रदर्शित झाला. त्यात शफीक यांचे काम शशांक अरोरा यांनी केले आहे. मोठ्या नटांचा, चांगल्या कॅमेऱ्याचा सिनेमा आहे, घरातल्या मोठ्या मुलांबरोबर जरूर बघा. पण आधी माहितीपट बघा. हिंदी सिनेमात शफीक म्हणून एक कसलेला नट दिसतो. माहितीपटात ट्रकला लटकून, डोळे किलकिले करून, हात पुढे ताणून उडायचा प्रयत्न करणारा तो माणूस स्वतः दिसतो.

सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा मी मुलांना हे तीनही सुपरमॅन सांगितले. मग प्रत्येकाला एक कोरा कागद दिला, सहा चौकटी आखायला लावल्या आणि म्हटले, आपल्या गल्लीचा सुपरमॅन काढा. अट एकच. शत्रू असा पाहिजे की ज्याला तुम्ही रोज बघता.

पस्तीस कागद आले. सहा-सात जणांनी तरीही परग्रहावरचे राक्षसच काढले, तो त्यांचा हक्क. बाकीच्या कागदांवर कोण कोण होते सांगू? पावसाळ्यात घरात शिरणारे पंचगंगेचे पाणी. मोकाट कुत्री. पहाटे नळाला पाणी न येणे. एका मुलीने काढलेली सुपरगर्ल दहावीनंतर शिकू न देणाऱ्या मामाशी बोलायला जाते, मारामारी न करता. सहाव्या चौकटीत मामा विचार करत बसलेला आहे. वाटेतला दगड बाजूला करणे हासुद्धा सदका आहे असे आपण मुलांना शिकवतो. या मुलांना वाटेतले दगड नीट दिसत होते.

नऊ कागदांवर मावा आणि गुटखा होता. आपल्या राज्यात जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकायचे नाहीत, असा केंद्राचा २००३ चा कायदा आहे. तरी सातवीच्या मुलांना पुड्यांची नावे, रंग आणि भाव पाठ होते. त्या दिवशी मी मराठीचा तास बाजूला ठेवला. सुपारीने आणि तंबाखूने तोंडाच्या आतली कातडी हळूहळू कडक होते, तोंड उघडेनासे होते आणि तिथून कॅन्सरपर्यंत वाट जाते, हे फळ्यावर तोंडाचे चित्र काढून सांगितले. घरच्या घरी करायची एक तपासणीही सांगितली. आपल्याच हाताची तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये जातात का ते बघायचे. जात नसतील तर डॉक्टरकडे जायचे. मुलांनी लगेच तोंडात बोटे घातली, वर्गभर हसाहशी झाली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगा माझ्याजवळ थांबला. पिक्चरातला सुपरमॅन भारी म्हणणारा तोच. खाली बघत म्हणाला, "टीचर, अब्बांची दोनच बोटं जातात." रात्री जेवताना त्याने अब्बांना गंमत म्हणून करायला लावले होते. अब्बा हसले होते, आणि मग गप्प झाले होते. त्यांना काही दिवसांपासून तिखट सहन होत नव्हते, पण घरात कोणाला बोलले नव्हते.

मी त्यांना निरोप पाठवला. ते आले, दाराशी उभे राहिले, पायातली चप्पल बघत राहिले. मी उपदेश केला नाही. त्यांच्या मुलाने काढलेला कागद फक्त पुढे ठेवला. सहा चौकटी. पहिल्या पाच चौकटींत सुपरमॅन टपऱ्यांवरच्या पुड्यांच्या माळा तोडून पंचगंगेच्या पुलापर्यंत धावतो. सहाव्या चौकटीत तो दमून एका घराच्या दाराशी बसलेला आहे आणि आत एक माणूस शर्टाच्या खिशातून पुडी काढतो आहे. तिथे सुपरमॅनच्या तोंडी एकच वाक्य आहे. 'इथे माझी ताकद चालत नाही.'

कागद हातात घेऊन ते बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "हा मी घेऊन जाऊ?" पुढच्या सोमवारी सीपीआरमध्ये जाऊन त्यांनी दाखवले. तपासण्या चालू आहेत, उपचारही चालू आहे. पुडी सुटली आहे का, असे मी विचारलेले नाही. मुलाने मात्र सांगितले, की तो कागद आता घरी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे, जिथे अब्बा शर्ट ठेवतात तिथे.

मुलांच्या प्रश्नाचे उत्तर मी अखेर दिले. पिक्चरातला भारी का पुस्तकातला, तर जो आपल्या गल्लीत उतरतो तो भारी, मग तो कागदाचा असो नाहीतर पडद्याचा. मुलांनी ते मान्य केले असे नाही. मागच्या बाकावर अजून वाद चालू आहे.

माता-पित्यांनो, या महिन्यात एवढेच करा. एक सिनेमा मुलांबरोबर बसून बघा आणि नंतर विचारा, यात कोणाला वाचवले आणि कोणाला विसरले? एक कोरा कागद द्या, सहा चौकटी आखा. मूल जे काढेल त्यावर रागावू नका, ते कोणाचेही चित्र असो, तुमचे असले तरी. आणि घरात कोणी मावा-गुटखा खात असेल, तर तीन बोटांची ती तपासणी आज रात्रीच करा. अल्लाह आपल्या घरांना आफियत देवो आणि आपल्या मुलांनी आपल्यासाठी काढलेली चित्रे बघण्याची हिंमत आपल्याला देवो. आमीन.